निवृत्तीभाऊंच्या भिंतीवरच्या तीन काचा

“साहेब, तिसरी काचबी फुटली,” बाबूशेठ फोनवर म्हणाले. घरी पेढे वाटायला काढलेत, असा आवाज होता.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. म्हणजे इमारत उभी राहील की पडेल, हे लेखी सांगणारा माणूस. नव्वदच्या दशकात माझं ऑफिस नारायणगावात होतं. जुन्नरच्या बाजारपेठेत बाबूशेठची दुमजली दगडी इमारत होती, आणि तिच्या मागच्या भिंतीला वरून खालपर्यंत तडा गेला होता. शेठना तिथं शॉपिंग कॉम्प्लेक्स हवं होतं. भाडेकरू जुने, हलायला तयार नव्हते. इमारत धोकादायक ठरली, की प्रश्न मिटणार होता. त्यासाठी माझा रिपोर्ट लागणार होता.

खाली निवृत्तीभाऊंचं सायकलचं दुकान. वर फुटबॉल मंडळाची खोली. हसू नका, आमच्या भागातला फुटबॉल या दुकानाच्या हवेवर जगला. बॉलच्या ब्लॅडरचं पंक्चर नीट काढणारा माणूस दोन तालुक्यांत एकच, निवृत्तीभाऊ. तेच मंडळाचे कॅप्टन. राजुरीचे, ओझरचे, थेट डिंभ्याचे खेळाडू एसटीनं बॉल घेऊन यायचे. पॅचवरचं सोल्यूशन सुकेपर्यंत चहा व्हायचा, एकमेकांच्या गोलकीपरची टिंगल व्हायची आणि पुढची मॅच ठरूनच जायची. इमारत गेली असती, तर हे सगळं गेलं असतं.

तडा दोन प्रकारचा असतो. जिवंत आणि मेलेला. जिवंत तडा रुंदावत जातो, म्हणजे भिंत अजून सरकतेय. मेलेला तडा कधीकाळी पडून तसाच राहिलेला असतो. तो भरायचा आणि विसरायचा. ओळखायची युक्ती सोपी आहे. तड्यावर काचेची पट्टी आडवी ठेवायची आणि दोन्ही टोकं प्लॅस्टर ऑफ पॅरिसनं चिकटवायची. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते. आम्ही याला टेल-टेल म्हणतो. चहाडखोर काच म्हणा ना.

मी काच लावली बाहेरून, छातीच्या उंचीवर. शिडी आणायचा कंटाळा. पहिली काच आठवड्यात फुटली. दुसरी गवंड्यानं लावली, ती गेली. आता तिसरी. भिंत जिवंतच नव्हे, चांगली धावत होती. मी ‘इमारत धोकादायक’ असं टाइप करून घेतलं. सही राहिली होती आणि फुटलेल्या काचेचा फोटो. तेवढ्यासाठी कॅमेरा घेऊन जुन्नरला गेलो.

काच जागेवर नव्हतीच. प्लॅस्टरचे दोन गोळे, त्यात अडकलेल्या दोन कपच्या, बस्स. माझं डोकं जरा जागं झालं. तड्यानं फुटलेली काच जागेवरच राहते, मधोमध एक बारीक रेघ उमटते. ती उडून जात नाही.

निवृत्तीभाऊ पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबून बुडबुडे बघत होते.

“काच कशी फुटली, भाऊ?”

“आपोआप.”

“तुकडे कुठं गेले?”

“टाकलं की.”

“तिन्ही वेळा?”

त्यांनी ट्यूब उलटी करून पुन्हा पाण्यात दाबली. मी पुन्हा मागं गेलो. भिंतीवर चुन्याचं मोठं वर्तुळ होतं. आधी मला ती गवंड्याची खूण वाटली होती. वर्तुळात आणि आजूबाजूला मातीचे गोल ठसे होते, चांगले पन्नासेक. माझी काच वर्तुळापासून वीतभर लांब.

हळूहळू सगळं बाहेर आलं. मंडळाची रीत अशी, की रविवारी सकाळी या भिंतीवर टीम निवडायची. प्रत्येकानं दहा किक मारायच्या. सात वर्तुळात बसल्या तर टीममध्ये, नाहीतर मॅचला खेळाडूंसाठी लिंबं कापायला. सरपंचाचा पुतण्या असो नाहीतर गवळ्याचा मुलगा, भिंत सगळ्यांना सारखी. ज्यांच्या सात बसत नव्हत्या, त्यांनी माझ्या काचा फोडल्या होत्या.

“इंजिनिअर साहेबाची वस्तू,” निवृत्तीभाऊ म्हणाले. “आमी म्हणलं, आता केस करत्याल. म्हून समद्यांनी ठरवलं, आपोआप फुटली सांगायचं. शेठलाबी तसंच सांगितलं.”

मी स्टुलावर बसलो. म्हटलं, “भाऊ, काच आपोआप फुटली याचा अर्थ इमारत पडायला आलीय. तुम्ही तीन वेळा स्वतःच्या दुकानावर बुलडोझर बोलावलात.”

त्यांच्या हातातली ट्यूब घमेल्यात सुटली.

“मंग आमीच फोडली म्हून लिव्हा की, राव. कुठं सही करू सांगा.”

बाबूशेठना हे पटेना. भाडेकरू असंच म्हणणार, असं त्यांचं म्हणणं. मग मी माझ्या स्वभावाला शोभेल असा निर्णय घेतला. प्रयोग जाहीर केला.

रविवारी पहाटेच बाबूशेठना मागच्या बोळात खुर्ची दिली. त्यांच्यासमोर एका काचेच्या दोन पट्ट्या कापल्या. एक बाहेर जुन्या जागी आणि दुसरी त्याच तड्यावर आतून, टायरांच्या मागं चिकटवली, शेठ तेव्हाही हजर. प्लॅस्टर सुकल्यावर निवड सुरू झाली. मॅचला आलेली राजुरीची टीम बोळाच्या समोरच्या भिंतीला टेकून उभी. पहिले तिघे हुशार निघाले, माझा जीव टांगणीला. चौथ्याची पाचवी किक तिरकी गेली आणि काच खळ्ळकन खाली आली. वाईट किकला एवढ्या टाळ्या जुन्नरात आधी कधी पडल्या नसतील.

मी शेठचा हात धरून त्यांना आत नेलं. टायर बाजूला केले, बॅटरी मारली. काच अखंड. रेघसुद्धा नाही. शेठनी चष्मा वर केला, नखानं टिचकी मारली.

“चिवट काच लावली तुमी.”

“काच तीच आहे शेठ. भिंत चिवट आहे.”

चष्मा पुन्हा नाकावर ठेवत ते म्हणाले, “मंग चुना-शिमीट भरून घेऊ म्हणता?”

आतली काच उन्हाळा, पावसाळा, थंडी काढून तशीच राहिली. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, तडा जुना आणि मेलेला आहे, इमारत वापरास योग्य आहे. सही ठसठशीत केली. शेठनी तडा भरून दिला, आणि वर्तुळ चुन्यानं पुन्हा आखलं निवृत्तीभाऊंनी. प्रयोगाच्या त्या रविवारी मंडळानं राजुरीला तीन गोलांनी हरवलं. आमची काच फोडणारा लिंबं कापत होता.

तेव्हापासून कुठंही काच लावली, की मी तिथल्या लोकांना गोळा करून सांगतो, फुटली तर कुणालाही काही होणार नाही, फक्त खरं सांगा. पहिल्याच आठवड्यात तीन-चार जण कबुली द्यायला येतात. त्यातल्या निम्म्यांनी काच पाहिलेलीसुद्धा नसते.