धास्तीताई आणि बाबांचा नंबर

आमच्या समोरच्या दारातल्या बाईला सगळा जिना धास्तीताई म्हणतो. नाव मी ठेवलंय, उगाच दुसऱ्या कुणी श्रेय घेऊ नये. तिलाही ते ठाऊक आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती रागावली नाही, उलट विचारलं, "खालच्या मजल्यावर पण म्हणतात का गं? त्यांना काय वाटत असेल?" म्हणजे नावाचीसुद्धा तिनं धास्ती घेतली!

सकाळी कामाला निघाली की कुलूप लावते, ओढून बघते, जिना उतरते, पुन्हा वर येऊन ओढून बघते. तेवढ्यानं बिचाऱ्या कुलपाचं एक दिवस बिनसणार. गॅसचं तर विचारूच नका. बटण बंद आहे हे डोळ्यांना दिसतं, पण तिचं समाधान होत नाही. ती ते एकदा उघडते, सूं आवाज ऐकते आणि मग पुन्हा बंद करते. "बंद दिसणं वेगळं आणि बंद असणं वेगळं," असं तिचं म्हणणं. एकदा मी म्हटलं, "अगं, बंद होतं ते तू चालू केलंस की!" तर म्हणाली, "हो, पण आता मीच बंद केलं ना."

ही बाई सार्वजनिक वाचनालयात नोकरी करते. आधी खाली खिडकीशी बसायची. तारखेचा शिक्का मारायची, सुटलेल्या पुस्तकांच्या पाठी डिंकानं चिकटवायची. मग तिला वरच्या मजल्यावर बढती मिळाली, ई-पुस्तक विभागात. विभाग म्हणजे एक टेबल, एक संगणक आणि हात लावला की ठिणगी उडवणारं एक सॉकेट. लोकांना वाटतं, पुस्तक संगणकात आहे म्हणजे सगळ्यांना एकदमच मिळेल. मग जिना चढून येतात आणि हिच्यावर डाफरतात, "कागदाचं नाही, काही नाही, मग रांग कसली हो?"

ती बिचारी समजावते. वाचनालयाला प्रकाशक ई-पुस्तकाची एक प्रत देतो. एक प्रत, एका वेळी एक वाचक. मुदत संपली की वाचकाच्या यंत्रातून पुस्तक आपोआप निघून जातं आणि रांगेतल्या पुढच्याकडे पोचतं. आणि ती प्रतसुद्धा वाचनालयाची कायमची नाही. करार संपला की तीही गेली. प्रकाशकाच्या मनात आलं तर पुन्हा देईल, नाही आलं तर नाही.

हे प्रकाशक कोण, कसे, हे बाकीच्यांना माहीत नसतं. धास्तीताईला मात्र चांगलं माहीत आहे. त्यातला एक तिचा सख्खा मोठा भाऊ.

दादाची प्रकाशनसंस्था लहानशी. दोन खोल्या, आणि गठ्ठ्यांतून वाट काढत आत जायचं. बरीच वर्षं त्याची पुस्तकं दुकानात धूळ खात पडायची. मग त्यानं एका नव्या लेखिकेची जाडजूड कादंबरी काढली. नदीवर नाव चालवणाऱ्या एका घराण्याची गोष्ट. ती अशी चालली की ज्याच्या त्याच्या तोंडी तीच. वाचनालयात तर रांग लागली. मीही नाव घातलं. विकत कोण घेतंय, वाचनालयात ओळख असताना?

आता या घरातले तिसरे, बाबा. धास्तीताईचे आणि दादाचे वडील. जन्मभर कारखान्यात लेथवर उभे राहिले. घरात पुस्तकं घ्यायची ऐपत नव्हती म्हणून सुट्टीच्या दिवशी दोन्ही पोरांना हाताला धरून वाचनालयात न्यायचे. आता बाबांच्या डोळ्यांच्या मधोमध काजळी धरल्यासारखं झालंय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. छापलेलं पुस्तक संपलंच. पण ते पाटीएवढं यंत्र असतं ना, रीडर, त्यात अक्षर मुठीएवढं मोठं करता येतं. एका वेळी तीन-चार शब्द मावतात. बाबा मान तिरपी करून, कोंबड्यासारखं एका बाजूनं बघत वाचतात. एक डोळा गेल्यातच जमा, दुसराही चाललाय. डोळ्यांचे डॉक्टर आडवळणानं बोलणारे नव्हेत. ते म्हणाले, "वाचायचं असेल ते वाचून घ्या."

बाबांना वाचायची होती ती नदीची कादंबरी. पोराच्या हातून निघालेलं पहिलं पुस्तक, ज्याचं चारचौघांत नाव झालं.

मग अडलं कुठे, असं तुम्ही विचाराल. तर एका सभेत दादानं भाषण ठोकलं होतं. "वाचनालयात कागदाचं पुस्तक फाटतं, मग ते नवं घेतात. हे ई-पुस्तक फाटतच नाही. म्हणून ते आम्हालाच फाडावं लागतं. फुकट वाचणाऱ्यांच्या पायी आमच्या घरच्या चुली विझायच्या!" बाबा मागच्या खुर्चीत बसून ऐकत होते. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "तो फुकट वाचूनच मोठा झाला."

तेव्हापासून दादानं पुस्तक पाठवतो म्हटलं की बाबांचं उत्तर ठरलेलं. "मला नको. मी सभासद आहे. माझा नंबर येईल तेव्हा वाचीन."

बघा आता. वाचनालयाचं फुकट चालतं, पोराचं फुकट चालत नाही. म्हातारा म्हणजे सरळ रेषेतला माणूस, वळायचं नावच नाही.

नंबर आला. बाबा वाचायला बसले. पण तीन-चार शब्दांच्या वेगानं नदी कशी पार होणार? नायकाची नाव अजून अलीकडच्या काठालाच होती आणि मुदत संपत आली. धास्तीताईची झोप उडाली. माझ्याकडे येऊन बसायची, चहा गार होऊ द्यायची. "पुस्तक गेलं तर ते पुन्हा रांगेच्या टोकाला जाणार. तोवर डोळा राहील का गं?"

"तू तिथली साहेबीण ना? सरकव नंबर पुढे."

"असं कसं सरकवू? पुढे सगळे ताटकळलेत. तू पण आहेस."

"मला काय घाई नाही."

"तुला नसेल. बाकीच्यांना आहे."

दादाला हे कळलं. त्यानं बाबांना फोन केला, आणि हा प्रकाशक काय म्हणाला ऐका. "बाबा, फाईल नको तर नको. पण रीडरचं नेट बंद करून ठेवा. नेट नसलं की पुस्तक परत जात नाही. तिकडे पुढच्या वाचकाला मिळतं, इकडे तुमच्याकडेही राहतं." सभेत ज्या फुकट वाचण्याच्या नावानं बोटं मोडली, त्याचीच युक्ती घरी शिकवली! बाबांनाही ती पटली. का, तर ही भेट नव्हे, उशिरा परत करणं झालं, आणि पुस्तक उशिरा परत करणं हा सभासदाचा जुना हक्क आहे.

धास्तीताईला कळलं तेव्हा ती धावत माझ्याकडे आली. "एका प्रतीवर दोन वाचक! कराराविरुद्ध आहे हे. कुणी बोभाटा केला तर वाचनालयाला कुणी पुस्तकच देणार नाही."

"बोभाटा करणार कोण? प्रकाशक तर यात सामील आहे," मी म्हटलं.

तिनं युक्ती मोडली नाही, पण चैनही पडू दिलं नाही. सकाळी उठली की रीडर बघायची, नेट बंद आहे ना. कामाला निघताना बघायची. तिथून फोन करायची, "बाबा, नेट बंद असलं की येतं ते विमानाचं चिन्ह दिसतंय ना वर?" बाबा वैतागायचे. "मला पुढ्यातलं ताट दिसत नाही, विमान कुठलं दिसतंय?"

आणि मग व्हायचं तेच झालं. सुट्टीचा दिवस होता. मी त्यांच्या दारात उभी होते. बाबा आंघोळीला गेलेले. धास्तीताईनं रीडर उचलला, चिन्ह बघितलं. बंद दिसत होतं. पण बंद दिसणं वेगळं आणि बंद असणं वेगळं. मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत तिनं बटण दाबलं, नेट चालू केलं, चालू झालेलं बघितलं आणि पुन्हा बंद केलं.

पडद्यावर मुखपृष्ठ करडं झालं. मग गेलं.

धास्तीताई रीडर पोटाशी धरून खाली फरशीवरच बसली. बाबा टॉवेलनं डोकं पुसत आले, हातानं चाचपत खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आण. ती बाई आता नावेत चढणार आहे."

तिनं खरं सांगितलं. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "नियमानं गेलं म्हणजे गेलं. पुन्हा नाव घाल."

नाव घातलं, अगदी टोकाला, माझ्याही मागे. आणि महिना सरला तसा वाचनालयाचा त्या पुस्तकाचा करारच संपला. दादानं तो पुढे वाढवला नाही. रांगेतल्या सगळ्यांना निरोप गेला, हे पुस्तक आता उपलब्ध नाही. बाबांचा निरोप यायचा होता तो धास्तीताईच्या तोंडून. ती काही तो देईना.

"सोबत चल," ती मला म्हणाली. "दादाकडे जायचंय. एकटीला धास्ती वाटते."

दादा गठ्ठ्यांच्या मधे बसला होता. बहिणीला बघून उठला, मला बघून पुन्हा बसला.

"करार वाढव," ती उभ्याउभ्याच म्हणाली.

"तायडे, बस तरी. हे बघ, त्या एका पुस्तकावर माझं वर्ष उभं आहे. लेखिकेला द्यायचंय, छापखान्याला द्यायचंय. तुमच्या रांगेतले निम्मे लोक वाट बघून कंटाळले की दुकानात जातात. रांग हीच माझी विक्री आहे."

"आणि उरलेले निम्मे?"

"बाबांसाठी फाईल देतो. आत्ता देतो."

"बाबा रांगेतलेच आहेत."

"मग सांग त्यांना की नंबर आला," दादा म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता फाईल पेन ड्राइव्हमध्ये घालून टेबलावर ठेवली.

परतीच्या वाटेवर तिनं ती मुठीत इतकी आवळली होती की मला वाटलं, मोडते आता. जन्मात कधी रांग मोडली नव्हती या बाईनं. टपालाच्या खिडकीशीसुद्धा मागे कुणी घाईत असेल तर त्याला पुढे सोडणारी. घरी गेली, रीडरला तार लावली, आणि बाबांना म्हणाली, "बाबा, तुमचा नंबर आला."

आवाज असा कापला की बहिऱ्यालाही संशय यावा.

बाबा पुन्हा वाचू लागले. इकडे हिची नवी धास्ती सुरू झाली. मुदत संपायच्या दिवशी "मी वाढवून घेतलीय हं" असं ती उगाचच मोठ्यानं सांगायची. डोळा तर दिवसेंदिवस मावळत होता. तीन शब्दांचे दोन झाले, मग एकेक शब्द. बाबा दिवसभर वाचायचे, जेवताना रीडर मांडीवर, जणू कुणी उठवायला येणार आहे.

एकदा मी वाटी परत द्यायला गेले तर त्यांनी मला हटकलं.

"शेजारीणबाई, तुमचा नंबर माझ्या आधी होता ना?"

धास्तीताई स्वयंपाकघराच्या दारात थिजली. हातातली पळी हवेत.

"हो की," मी म्हटलं. "वाचून झालं माझं."

"एवढ्यात? मग त्या दुसऱ्या भागाच्या शेवटी काय वाटलं?"

मी पुस्तकाचं मुखपृष्ठसुद्धा धड बघितलं नव्हतं. "काय सांगू बाबा, रडले हो मी."

बाबांनी मान तिरपी करून माझ्याकडे कडेनं बघितलं. "तिथे तर लग्न आहे."

"लग्नातच तर रडतात बाबा! माझं आठवलं की अजून येतं रडू."

ते हसले, अगदी खोकला येईपर्यंत. आणि पुन्हा अक्षरांत शिरले. धास्तीताईनं पळी खाली ठेवली आणि मला सोडायला बाहेर आली. जिन्यात मला म्हणाली, "तुला लाज कशी वाटत नाही गं?" आणि लगेच, "उद्या पण येशील ना?"

मग एका दुपारी बाबा म्हणाले, "झालं."

आम्ही दोघी तिथेच होतो. त्यांनी रीडर तिच्यापुढे धरला. "परत कर. पुढचा वाट बघत असेल. कोण आहे रांगेत?"

इथे ती सहज म्हणू शकली असती, आहेत बरेच. मी डोळ्यांनी खुणावलंसुद्धा. पण तिच्याच्यानं दुसऱ्यांदा होईना. "कुणी नाही बाबा," ती म्हणाली. "वाचनालयात ते पुस्तकच नाही आता. दादानं करार वाढवला नाही. हे त्यानं तुमच्यासाठी दिलेलं. मी खोटं बोलले."

बाबांनी रीडर मांडीवर उलटा ठेवला. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी. मला वाटलं आता उठतात आणि आत जातात, आणि मग या घरात कुणी कुणाशी बोलत नाही.

"फोन लाव त्याला," ते म्हणाले.

तिनं लावला, मोठ्या आवाजावर ठेवला.

"वाचलं तुझं पुस्तक," बाबा म्हणाले. "शेवट घाईत उरकलाय, सांग त्या बाईला. बाकी चांगलं आहे. चांगलं काढलंस."

तिकडून "हो बाबा," असं काहीतरी पुटपुटणं.

"पण रांग मोडून वाचलंय मी. माझ्या मागचे पुढचे सगळे तसेच राहिले, आणि मला मिळालं, का, तर मी तुझा बाप म्हणून. हे मला पचणार नाही. ते वाचनालयात परत ठेव. तुझं नुकसान होऊ नये एवढं बघ, पण ठेव."

"बाबा, ते इतकं सोपं नाही."

"मला माहीत आहे. मी वाचताना सोपं होतं का?"

मागे कुठेतरी गठ्ठा सरकवल्याचा आवाज आला.

"बघतो," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

बाबांनी रीडर बाजूला ठेवला, डोळे मिटून घेतले. ते निवांत झोपले. धास्तीताई मात्र माझ्यामागे जिन्यापर्यंत आली. "बघतो म्हणजे काय गं? हो असतं तर हो म्हणाला असता. नाही असतं तर नाही म्हणाला असता. त्याचा आवाज तुला कसा वाटला?"

मला तो हो वाटला, असं मी तिला सांगितलं. खरं तर मलाही कळलं नव्हतं. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी दार वाजवते आणि विचारते, अजून एकदा सांग, तो नक्की कसा म्हणाला.