पुढच्या चाकाची खरखर
ग्रीसचा वास आला की मनीमाजऱ्यातल्या गॅरेजमधली ती थंडीतली उन्हाची सकाळ आठवते. आमच्या पिकअपचं पुढचं चाक चालताना खरखरायचं. विमानांच्या इंजिनांशेजारी उभी हयात घालवलेले बाबा मात्र म्हणायचे, "कसला आवाज? काही नाही." मिस्त्रीनं जॅकवर उचललेलं चाक फिरवलं आणि बाबांचा तळवा चाकामागच्या स्प्रिंगवर टेकवला. बाबा दचकले, ती खरखर त्यांना हातातून कळली. बेअरिंग बदलल्यावर त्यांनी पुन्हा हात ठेवला. पाण्यावर पान फिरावं तसं चाक फिरत राहिलं. "अब शांत है जी," मिस्त्री म्हणाला. परतताना बाबा हळूच म्हणाले, "मला ऐकू येत नाही गं हल्ली." आता मी गुणगुणायला लागले की ते येऊन माझ्या पाठीवर तळवा ठेवतात.