अकरावी सही

शेख सरांनी हॉकीस्टिक माझ्या टेबलावर ठेवली. हात मात्र काढला नाही.

“किती दिवस लागतील, मॅडम?”

“आठ-दहा.”

“तेवढे दिवस इथंच ऱ्हाईल?”

“हो.”

मग त्यांनी हात काढला. पावती दोनदा वाचली, घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि कंधारच्या बसला गेले.

मी सरकारी लॅबमध्ये हस्ताक्षर तपासायचं काम केलं. मृत्युपत्रं, खरेदीखतं, चेक. रिटायर झाल्यावर नांदेडला घरीच मायक्रोस्कोप मांडला. हॉकीस्टिक मात्र पहिल्यांदाच आली होती.

शेख सर कंधारच्या एका शाळेत खेळाचे शिक्षक होते. त्यांच्या निरोप समारंभात जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून ही स्टिक भेट दिली होती. खूप वर्षांपूर्वी बाहेरची एक नामांकित टीम नांदेडला टूर्नामेंट खेळून गेली, त्या टीमच्या अकरा खेळाडूंच्या सह्या तिच्यावर होत्या. ती फायनल सरांनी कॉलेजात असताना उन्हात उभं राहून पाहिली होती. विद्यार्थ्यांना हे पाठ होतं, कारण दर पावसाळी पीटीच्या तासाला सर तीच मॅच सांगायचे.

स्टिक विकली होती लातूरच्या बसवराज आप्पांनी. त्यांचं खेळाच्या सामानाचं दुकान. जुन्या वस्तू जमवायचा नाद, त्यातली एखादी कधी विकायचेही. ही स्टिक त्यांना नांदेडचं मैदान सांभाळणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाच्या घरून मिळाली होती. सोबत आप्पांनी स्वतःच्या अक्षरात हमीपत्र दिलं होतं: ‘सर्व सह्या अस्सल आहेत. त्रयस्थ तज्ज्ञाने लेखी नाकारल्यास वस्तू परत घेईन, पूर्ण रक्कम परत देईन व ग्राहकाच्या घरी येऊन माफी मागेन.’

इथं दोन गोष्टींची गल्लत होते. हमी म्हणजे विकणाऱ्याचा शब्द. ऑथेंटिकेशन म्हणजे तिसऱ्याच माणसानं केलेली तपासणी. त्याला वस्तू विकायचीही नसते, घ्यायचीही नसते. सरांचा एक विद्यार्थी पुण्यात नोकरीला होता. त्यानं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, “हमी ठीक आहे, पण सर्टिफिकेट कुठाय?” त्यावर ग्रुपमध्ये इतकी भांडणं झाली, की सर स्वतःच स्टिक घेऊन माझ्याकडे आले.

तपासायला आधी ‘स्टँडर्ड’ लागतं. म्हणजे त्या माणसाची, शंभर टक्के त्याचीच असलेली सही, शक्यतो त्याच काळातली. ती मिळाली जेवणाच्या रजिस्टरात. टूर्नामेंटवाल्यांनी खेळाडूंच्या जेवणाच्या हजेरीसाठी सह्या घेतल्या होत्या आणि एका जुन्या कार्यकर्त्यानं ते रजिस्टर जपून ठेवलं होतं. जेवणाच्या रजिस्टरात कुणी नटून सही करत नाही. माझ्या दृष्टीनं ते सोनंच.

हॉकीस्टिकची एक बाजू सपाट, दुसरी गोल. सह्या सपाट बाजूला होत्या, तरी लाकडावर पेन घसरतं, अक्षर थोडं बदलतं. तो फरक सगळ्यांतच सारखा दिसला, म्हणून तेवढा सोडून दिला. एकेक करून दहा सह्या जुळल्या.

अकरावी जुळेना. ती कॅप्टनची होती. मुठीजवळ, सगळ्यांत मोठी.

रजिस्टरात कॅप्टन एका झटक्यात सही करायचा, पेन उचलायचाच नाही. स्टिकवर पेन चार ठिकाणी उचललेलं होतं. पण नकलेत हात थरथरतो, रेघ अडखळते, तसलं काही नव्हतं. कुणीतरी बिनधास्त, आपल्याच वळणात कॅप्टनचं नाव लिहिलं होतं. ते वळण मी आधी पाहिलं होतं. इंग्रजी ‘आर’चा पाय ओळीखाली लांब ओढायचा आणि शेवटी वर उचलायचा. चार ओळी खाली, गोलकीपरच्या सहीत तोच पाय होता.

मी दोन दिवस स्टिक बाजूला ठेवली. मग पुन्हा पहिल्यापासून तपासलं. उत्तर तेच आलं.

सहाव्या दिवशी शेख सर न सांगता हजर झाले. पिशवीत सीताफळं होती.

“रिपोर्ट झाला नाही अजून,” मी म्हणाले.

“तुमच्या तोंडाकडं बघून कळून राहिलं, मॅडम. कोन्ती?”

मी सांगायला नको होतं. सांगितलं. “कॅप्टनची.”

सर खुर्चीत बसले. पाणी प्यायले. मग हळूच म्हणाले, “एक अर्ज हाय. सगळ्या खऱ्या हायत म्हणून लिहून द्या.”

“सर!”

“माझ्यासाठी न्हाई. पोरायला वाटंल, सरला खोटी वस्तू दिली. एक रिक्षा चालवतो त्यात, एक किल्लारीला कारखान्यावर हाय. पोटाला चिमटा काढून दिलेत त्यांनी. अन् आप्पा भला माणूस. त्यांना कशाला खाली बघायला लावायचं?”

इतक्या वर्षांत खोटं लिहा म्हणणारे पुष्कळ भेटले. स्वतःचा काही फायदा नसताना म्हणणारे हे पहिलेच. मला ओरडता येईना. मी एवढंच म्हणाले, “सर, मॅचमध्ये पोरगं जीव तोडून पळालं, म्हणून न झालेला गोल दिला असता का तुम्ही?”

सर उठले. “न्हाई,” म्हणाले. सीताफळं ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी आप्पा आले. कपाळाला भस्म, काखेत छत्री. सरांनीच त्यांना फोन केला होता. मला वाटलं, आता हेही सांभाळून लिहा म्हणणार. मी मनातल्या मनात नकाराचं वाक्य तयार केलं.

“बाई, सर काय बोलले ते मला कळलं,” आप्पा म्हणाले. “तुम्ही ऐकू नका. खरं ते लिव्हा.”

“तुमचं नुकसान होईल.”

“होऊ द्या की. तुम्ही खोटं लिव्हलं तर माझ्या दुकानातली बाकीची हमीपत्रं काय चुलीत घालू?”

मी रिपोर्ट लिहिला. दहा सह्या अस्सल. अकरावी कॅप्टनच्या हातची नाही. ती गोलकीपरच्या हातची असण्याची दाट शक्यता. दोन प्रती काढल्या, दोघांनाही एकाच वेळी दिल्या.

पुढचा भाग माझ्या कामाचा नव्हता. पण आप्पा माफी मागायला कंधारला निघाले आणि मला म्हणाले, “साक्षीदार पाहिजे, बाई. चला.” मी गेले.

सरांच्या घरी दहा-बारा विद्यार्थी जमले होते. पुण्याचाही आला होता, मान खाली घालून. आप्पा शाकाहारी, म्हणून सरांच्या बेगमनं त्यांच्यासाठी नवं पातेलं आणून त्यात वरण शिजवलं होतं. आप्पांनी उभं राहून हात जोडले. “माझ्या हमीत खोट निघाली. माफ करा.” मग पैशांचं पाकीट पुढं केलं. “आता स्टिक द्या.”

सरांनी स्टिक छातीशी धरली. “न्हाई देत.”

“अहो, हमीत लिव्हलंय. वस्तू परत, मग रक्कम परत.”

“मग रक्कम ठेवा तुम्हीच.”

हा तिढा अर्धा तास चालला. शेवटी आप्पांनी खिशातून एक नंबर काढला. ओळखीच्या कोचमार्फत त्यांनी त्या गोलकीपरला हुडकलं होतं. फोन स्पीकरवर लावला. पलीकडून खोकला आला, मग एक म्हातारा, खणखणीत आवाज. आप्पांनी हिंदीत सगळं सांगितलं. पलीकडून इतकं हसू आलं, की फोन थरथरला.

“हाँ जी, मैंने ही किया था! कप्तान बुखार में सोया पड़ा था। ग्राउंडवाले चाचा तीन दिन से मिन्नत कर रहे थे। खाली हाथ कैसे भेजता?”

मग सर फोनजवळ वाकले आणि म्हणाले, “साहब, फायनल में आखरी मिनट का वो पेनल्टी स्ट्रोक आपने रोका था. बाएँ हाथ से.”

“आपने देखा था?”

“मैं वहीं खड़ा था.”

त्यापुढचं बोलणं फार लांबलं. आम्ही जेवायला बसलो, तरी सर फोनवरच होते.

स्टिक सरांकडेच राहिली. आप्पांनी जुनं हमीपत्र फाडलं आणि तिथंच नवं लिहिलं: ‘दहा सह्या ज्याच्या त्याच्या. कॅप्टनचे नाव गोलकीपरने लिहिले आहे, याचीही हमी.’ पाकीट कुणीच घेईना, तेव्हा आप्पा ते परत घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या दुकानातून सरांच्या शाळेत नव्या हॉकीस्टिकांचा गठ्ठा पोचला.

मी या धंद्यात एक गोष्ट उशिरा शिकले. तपासायला येणाऱ्या प्रत्येकाला उत्तर हवंच असतं, असं नाही. काहींना फक्त वस्तू हवी असते. म्हणून आता वस्तू टेबलावर घेण्याआधी मी विचारते, “खोटी निघाली तर काय कराल?” निम्मे लोक तिथूनच परत जातात. माझी फी बुडते, पण सगळ्यांचाच वेळ वाचतो.