शालनताईंनी मापलेलं लोखंड

साच्यात ओतलेल्या लोखंडाचं कास्टिंग टेम्पोतून उतरलं की शालनताई आधी त्याच्यावरून तळहात फिरवायच्या. कुठे फुगीर लागलं की तिथे खडूची फुली. डिचोलीच्या आमच्या वर्कशॉपात त्या कानस मारायच्या कामाला होत्या. सातवी शिकलेल्या, रोज दोडामार्गाहून बसने येणाऱ्या. मी डिप्लोमा झालेला, मशीनने लोखंड कुठून कसं कापायचं ते कम्प्युटरवर आखून देणारा प्रोग्रामर. त्यांच्या फुल्यांकडे मी बघतही नसे.

पहिल्याच महिन्यात माझ्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनचं कापायचं टूल कास्टिंगवर आदळून मोडलं. स्क्रीनवर तर सगळं ठीक चाललं होतं. ताई खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"तुझ्या कम्प्युटरात कच्चो माल खंय आसा?"

मी दाखवला. सॉफ्टवेअर आपणहून देतं तो गुळगुळीत चौकोनी ठोकळा.

"लोखंड असा चौकोनी येता, ह्या त्येका कोणी सांगल्यान?"

मी कास्टिंगवरच्या खडूच्या फुलीकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

"माका शिकव," त्या म्हणाल्या.

"ताई, सगळं इंग्रजीत आहे."

"इंग्रजी तू वाच. आकार मी सांगतंय."

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत हात धुतले की त्या माझ्या शेजारी बसत. मालाची मापं घ्यायची, त्याचं खरं रूप कम्प्युटरात उभं करायचं आणि सॉफ्टवेअरला ठोकळ्याऐवजी ते द्यायचं. सहा-सात महिन्यांत त्यांना ते माझ्याहून बरं जमू लागलं. स्क्रीनवरची इंग्रजी नावं त्यांनी जागेवरून पाठ केली होती: "वरसून चौथी ओळ, मगे उजवीकडे."

एका पावसाळ्यात फेरीबोटीच्या गिअरबॉक्सचं कवच फुटलं. नवं कास्टिंग कोल्हापूरहून आलं, एकच. आमचे मालक, शेठ, सकाळपासून मशीनजवळ घिरट्या घालत होते.

"शालन, ठोकळो घाल आनी चालू कर. लोक धक्क्यार उबे आसात."

"शेठ, ह्या मोडला तर दुसरा खंयसून हाडशात? माका दुपारपर्यंत वेळ दिया."

शेठ चिडले. ताई हलल्या नाहीत. त्या एकेक माप सांगत गेल्या, मी टाइप करत गेलो. आकार पुरा झाला तेव्हा दिसलं, कास्टिंग एका अंगाला फुगलं होतं आणि दुसऱ्या अंगाला लोखंड कमी होतं. ठोकळा धरून चाललो असतो, तर टूल आदळलं असतंच, शिवाय एका भोकाची भिंत कागदाएवढी पातळ उरली असती. ताईंनी कम्प्युटरात त्या आकाराच्या आत बसवलेलं तयार कवच तीन मिलिमीटर सरकवलं. सगळीकडे पुरेसं लोखंड मिळालं. संध्याकाळी कवच गेलं, दुसऱ्या दिवशी फेरीबोट सुटली.

त्या आठवड्यात त्यांनी शेठांकडे प्रोग्रामरचं पद मागितलं. शेठ हसले. "सातवी पास प्रोग्रामर?"

ताईंनी वाद घातला नाही. पेडण्यात एक नवा कारखाना माणसं घेत होता. तिथे जाऊन त्यांनी समोरच्या कास्टिंगची मापं घेतली, त्याचा खरा आकार कम्प्युटरात उभा करून दाखवला आणि महिन्याभरात प्रोग्रामर म्हणून तिकडे रुजू झाल्या. दोन बस बदलून जावं लागे. शेठांनी थांबवायला माणूस पाठवला, तेव्हा ताई म्हणाल्या, "आता खुर्ची मिळाली हा. उठूचंय नाय."

मध्यंतरी त्यांचा फोन आला.

"आज माझ्याच्यान टूल मोडला रे."

"अरेरे! मग?"

"मगे काय? एक माप चुकलेला. मीच जावन सायबाक सांगलंय, परत मापलंय. आता मशीन चालू आसा. तू बोल, जेवलंस?"