पांढरी सशी आणि आमचा नवा संसार

टांगा दाराशी थांबला तेव्हा मी भाकरी थापत होते. पिठाचे हात तसेच घेऊन दाराआडून पाहिलं, तर आमचे यजमान मांडीवर टोपली घेऊन बसलेले. टोपलीवर त्यांचं उपरणं झाकलेलं, आणि ते उपरणं हलत होतं.

"मास्तर साब, पकाओगा कि पालोगा?" टांगेवाल्याने हसत विचारलं.

"पालूंगा, भिया, पालूंगा!" असं म्हणत ते उतरले. एवढ्या मोठ्याने बोलताना मी त्यांना तोवर ऐकलंच नव्हतं.

धारहून सासरघर सोडून देवासला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. मी सोळा वर्षांची, ते बावीसचे. देवासात तेव्हा दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि मधला रस्ता ही त्यांची हद्द. आमच्या भाड्याच्या दोन खोल्या धाकट्या पातीत, त्यांची शाळा थोरल्या पातीत. रोज सकाळी पगडी घालून ते एका राज्यातून दुसऱ्या राज्यात शिकवायला जात आणि संध्याकाळी परत येत. आल्यावर "पाणी दे" आणि जेवताना "पुरे". धारच्या भरल्या घरात आम्ही कधी चारचौघांत बोललो नव्हतो, आणि इथे चारचौघं नव्हते तरी बोलायचं काय, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

त्यांनी उपरणं काढलं. टोपलीत कापसाच्या गोळ्यासारखा पांढराशुभ्र ससा, गुंजेसारखे लाल डोळे, आणि नाक सारखं हलतंय. धारच्या त्यांच्या एका मित्राने महूच्या छावणीतून सशांची जोडी आणली होती. तिचा विस्तार वाढला म्हणून हे धारला गेले तेव्हा त्याने एक यांच्या गळ्यात घातला. महूपर्यंत टांगा, मग इंदूरपर्यंत आगगाडी, पुन्हा टांगा, असा प्रवास करून तो आला होता.

"हे बघ, असं उचलतात," म्हणून त्यांनी त्याचे दोन्ही कान धरले आणि त्याला वर उचललं. सशाने मागचे पाय असे झाडले की माझ्या तोंडून किंचाळीच निघाली.

"अहो, कानाला धरून काय उचलता! तुमच्या शाळेतलं पोर आहे का ते?"

बोलून गेले आणि जीभ चावली. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग इतके हसले, इतके हसले की ससा त्यांच्या हातून सुटून चुलीमागे जाऊन बसला.

त्याला काय खायला घालायचं हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. मी वाटीत साखर घालून दूध ठेवलं. त्याने हुंगलं आणि वाटी उलटी केली. वरणभात ठेवला, तो त्याने तुडवला. पोळीचा तुकडा, केळं, भिजवलेली डाळ, सगळ्याकडे पाठ. आणि आम्ही काळजीत बसलेले असताना त्याने यजमानांच्या उपरण्याचा रेशमी काठ वीतभर कुरतडून खाल्ला! पुढे कित्येक दिवस ते उपरण्याची उलटी घडी घालून शाळेत जात होते.

दुसऱ्या दिवशी ते बाजारातून ओल्या हरभऱ्याची जुडी घेऊन आले. त्यातली एक डहाळी पुढे करताच सशाने ती ओढून घेतली. पान, देठ, घाटा, सगळं कसं जात्यात घातल्यासारखं भराभर आत जात होतं. आम्ही दोघं जमिनीवर पालथे पडून बघत होतो.

"खातोय!" ते म्हणाले.

"खातोय!" मी म्हणाले. एवढा आनंद मला माझ्या पाटल्या घडवल्या तेव्हाही झाला नव्हता.

पण पहिलटकरांचं प्रेम आंधळं असतं. आम्ही त्याला हरभरा घालतच राहिलो. तिसऱ्या दिवशी तो कोपऱ्यात फुगून बसला. खाईना, हलेना, पोट नगाऱ्यासारखं घट्ट. यजमानांचा चेहरा उतरला. मला माहेरी धाकट्या भावंडांची पोटं चोळायची सवय होती, तेवढंच एक ज्ञान. मी त्याला पदरात घेतलं आणि हात चुलीवर शेकून शेकून हलके हलके चोळत राहिले. हिरवं सगळं बंद केलं. यजमान कुठून तरी वाळकं गवत घेऊन आले आणि ते नाकापाशी धरून बसले.

सकाळी ते संध्येला बसले होते, डोळे मिटलेले, हात नाकाशी. मी टोपलीपाशी गेले, पाहिलं आणि धावतच आले.

"अहो, पडल्या!"

त्यांनी एक डोळा उघडला. "काय पडलं?"

"लेंड्या! चांगल्या गोल गोल!"

ते पळीपंचपात्र तिथेच टाकून उठले. लेंड्या पाहून एवढा हर्ष झालेलं दुसरं जोडपं त्या दोन्ही पात्यांत नसेल. त्या दिवशी मी शिरा केला.

आता घरात बोलायला विषयच विषय झाले. शाळेतून आल्यावर पाणी मागायच्या आधी ते विचारत, "काय म्हणतोय?" आणि मी सांगत सुटे. आज त्याने मिशी कशी पुसली, तुळशीचा शेंडा कसा खाल्ला, उन्हात उडी मारून हवेतच कसा वळला. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे मला शिकवलेलंच होतं, आणि सशाला आम्ही नाव ठेवलंच नाही. त्यामुळे माझ्या बोलण्यात एक 'ते' आणि एक 'तो', दोघंच असत.

महिना होत आला आणि 'तो' बिघडला. जवळ गेलं की गुरगुरायचा. तोंडात गवताची पेंडी धरून घरभर फिरायचा. मग एका दुपारी पाहिलं, तर स्वतःच्या छातीचे केस दातांनी उपटून उपटून कोपऱ्यात ढीग घालत होता. खालची गुलाबी कातडी दिसत होती. मला रडूच कोसळलं.

नेमक्या त्याच दिवशी धारहून सासूबाई आल्या. एकुलता एक मुलगा आणि कोवळी सून कसा संसार करतात ते बघायला. सोवळ्याच्या कडक. घरात जनावर पाहून त्यांच्या कपाळावर आठी चढली. मी डोळे पुसत म्हटलं, "आई, ह्याला वेड लागलंय."

त्यांनी पाय धुतले, कोपऱ्यापाशी जाऊन वाकल्या, बघत राहिल्या, आणि पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

"अगं खुळे, ह्याला नव्हे, हिला! बाळंत व्हायची आहे ती. घरटं करतेय. आणि तुम्ही दोघं महिनाभर 'तो, तो' करताय!"

यजमान दारात उभे होते. शास्त्राचा विषय शिकवणारे मास्तर कानापर्यंत लाल झाले.

सकाळी त्या केसांच्या ढिगाला श्वास फुटला होता. सासूबाईंनी बोटाने केस बाजूला केले. आत अंगठ्याएवढी, उघडीनागडी, गुलाबी पिल्लं एकमेकांत गुंतून पडलेली. मी मोजायला लागले तर त्यांनी हातावर चापट दिली. "मोजू नये. दृष्ट लागते."

मग काय विचारता! सासूबाईंनी बाळंतिणीची खोलीच मांडली. कोपऱ्याला पडदा लावला, पाव्हण्यारावळ्यांना मज्जाव केला, आणि बाळंतिणीला शेपा हव्यातच म्हणून शेपूची जुडी मागवली. सशीणबाईंनी ती आवडीने खाल्ली. पण दिवसभर ती पिल्लांजवळ फिरकेना. सासूबाई चिंतेत पडल्या. "आईने टाकली वाटतं," म्हणून त्यांनी गाईचं दूध कोमट केलं, कापसाचा बोळा वळला. यजमान म्हणाले, "पण ह्यांची पोटं तर भरलेली दिसताहेत."

दुसऱ्या दिवशी मी सडा घालायला उठले तेव्हा मला ते दिसलं. सशी घरट्यात चारी पायांवर उभी, खाली पिल्लं उताणी होऊन लुचताहेत. चार घास गिळायला लागावा एवढा वेळ. मग ती उडी मारून बाहेर, आणि दिवसभर जशी काही तिला पिल्लंच नाहीत! पुढच्या पहाटे त्याच वेळी मी दोघांना हलवून उठवलं आणि आम्ही तिघं पडद्याआडून बघत राहिलो. सासूबाई पुटपुटल्या, "बरी आहे बाई! आमच्यामागे पोरं दिवसभर लोंबायची."

पिल्लांना लव आली, डोळे उघडले. धारला परतायचा सासूबाईंचा मुहूर्त पुढे पुढे जात होता. एक दिवस त्या सोवळ्यात स्वयंपाक करत होत्या, आणि एक पिल्लू घरट्यातून पहिल्यांदाच टुणकन बाहेर पडून थेट त्यांच्या पाटावर चढलं, पदरात शिरलं. मी धावले, पण सोवळ्याला शिवायचं कसं? यजमानही दारातच थांबले. सासूबाईंनी एकदा पिल्लाकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे.

"लेकराला कसला विटाळ?" त्या म्हणाल्या आणि भाजी ढवळू लागल्या.

त्या गेल्या तोवर अंगणभर पांढऱ्या उड्या झाल्या होत्या. परसातलं गवत तर केव्हाच संपलं होतं. संध्याकाळी यजमान शाळेतून आले, पगडी खुंटीला लावली आणि म्हणाले, "चल."

"कुठे?"

"टेकडीखाली. गवत आणायला. मी एकटा किती आणणार?"

नवराबायकोने बरोबर रस्त्याने चालायचं म्हणजे तेव्हा केवढी गोष्ट! मी विळा घेतला, त्यांनी गवत बांधायला जुनं धोतर घेतलं, आणि आम्ही निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी, दोन्ही राज्यांतून, लोक ओट्यावर येऊन बघत होते. मी पदर पुढे ओढला, पण पाय काही आवरेनात. जवळजवळ पळतच होते.

"हळू," मागून ते म्हणाले, "गवत कुठे पळून जात नाही."