दुपारचा उंचवटा

माझ्या ताईचे यजमान शास्त्रज्ञ आहेत असं सांगितलं, की लोक पहिला प्रश्न विचारतात, "मग पाऊस कधी?" या प्रश्नापुढे भावोजींनी जन्मभर हात टेकले. ढग, वारा, पाऊस हे सगळं त्यांच्या विषयाच्या फार खाली चालतं. जिथे हवा जवळजवळ संपते आणि उरलीसुरली उन्हाने फुटून विजेने भारली जाते, त्या थराचा त्यांचा अभ्यास. लग्न ठरताना मी विचारलं होतं, "पण तिथे असतं काय?" ते म्हणाले, "फारसं काही नाही." आमच्या वडिलांनी तेव्हाच एकदा पगाराची चौकशी केली.

मी शिवणकाम करते. माझ्या धंद्यात माप चुकलं, तर गिऱ्हाईक ब्लाउज तोंडावर फेकतं. भावोजींच्या धंद्यात चूक झाली, तर तिला त्यांचं नाव देतात.

संस्थेच्या मागच्या माळावर उंच खांब आणि तारांचं जाळं आहे. तिथून रेडिओलहरी वर सोडायच्या. त्या वरच्या थरावर आपटून परत येतात आणि यायला किती वेळ लागला, त्यावरून थर किती उंच ते कळतं. यंत्र दिवसभर त्याची रेघ काढत बसतं. भावोजी तरुण असताना त्यांना दिसलं, की दुपारच्या जेवणानंतर ही रेघ उगाचच वर उचलली जाते, थोडा वेळ टेकाडासारखी राहते आणि मुकाट्याने खाली बसते. रोज. फक्त रविवारी नाही आणि सरकारी सुट्टीला नाही.

आता तुम्हाआम्हाला इथेच शंका आली असती. आकाश कधीपासून सुट्टी घ्यायला लागलं? पण शिकलेल्या माणसाला शंका येत नाही, सिद्धान्त सुचतो. शेजारच्या खोलीतल्या सिद्धान्तवाल्यांनी सांगितलं, की सुट्टीला कारखाने बंद असतात, धूर कमी होतो, म्हणून वर शांतता. वर्षातून काही आठवडे उंचवटा अजिबात दिसायचा नाही, त्याला त्यांनी ऋतुमान लावलं. उंचवट्याला भावोजींचं आडनाव लागलं. त्यावर पोरं डॉक्टरेट मिळवू लागली, आणि दरवर्षी संचालकसाहेब परदेशी जाऊन त्यावर भाषण ठोकून येऊ लागले.

ताईच्या वाट्याला काय आलं, तर माळाजवळची वसाहत. तिची शाळेतली नोकरी तिथून लांब पडायची, ती तिने सोडली. भाची जन्मली त्या दुपारीसुद्धा भावोजी उंचवट्यापाशी होते. ताईने कधी तोंडातून ब्र काढला नाही. आडनाव तिचंही होतं, आणि ते आभाळात लागलं होतं. शेजारणी पाटल्या दाखवायच्या, ताई नुसतं वर बघायची.

निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना भावोजी कसल्याशा सहीसाठी जेवणानंतर संचालकांच्या खोलीत गेले. साहेब मालिशच्या खुर्चीत पडले होते. ही वजनदार विजेची खुर्ची संस्थेने फार पूर्वी घेतलेली. तीन संचालक बदलले, तिघांच्याही पाठी दुखत होत्या, त्यामुळे खुर्ची टिकून होती. साहेब नखशिखांत थरथरत म्हणाले, "या-या-या, ब-ब-बसा." टेबलावरचा रेडिओ नुसता खरखरत होता. साहेबांनी खुर्चीचं बटण बंद केलं आणि रेडिओतली बाई स्वच्छ बोलू लागली.

भावोजी सही न घेताच यंत्राकडे धावले. रेघ नुकतीच खाली बसली होती. यंत्राची केबल संचालकांच्या खोलीच्या फरशीखालून जाते, हे त्यांना ठाऊक होतंच, कारण ती टाकताना ते स्वतः उभे होते. आणि उंचवटा नसायचा ते आठवडे? तेव्हा साहेब परदेशी उंचवट्यावर भाषण करत असायचे.

त्या संध्याकाळी ते आमच्यासमोर बसले आणि म्हणाले, "जन्मभर मी वरचा थर बघतोय असं समजत होतो. मी साहेबांची पाठ बघत होतो." मला हसू आवरेना. ताई हसली नाही.

दुसऱ्या दिवशी भावोजी साहेबांकडे गेले. म्हणाले, माझा शोध मागे घ्यायचाय. साहेब म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमच्या नावाची इमारत उभी राहिलीय. उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्यात. पुरावा आहे?"

"भलत्याच वेळी खुर्ची चालू करून बघू. लगेच कळेल."

"ते जमायचं नाही. डॉक्टरांनी मला वेळ बांधून दिलीय."

साहेब नसताना खोलीला कुलूप. भावोजींची झोप उडाली. त्यांना एकच भीती होती, खोट्यावर आपलं नाव ठेवून घरी बसावं लागणार. शेवटी त्यांनी बेत केला. उद्घाटन नेमकं दुपारी होतं आणि रेघ सगळ्यांसमोर मोठ्या पडद्यावर दिसणार होती. साहेब मंचावर असणार, म्हणजे खुर्ची रिकामी, म्हणजे उंचवटा येणार नाही. त्याच क्षणी उभं राहून सगळं सांगून टाकायचं. हे त्यांनी आम्हा दोघींना सांगितलं. मी म्हटलं, "चुकलेली शिवण उसवलेलीच बरी." ताई म्हणाली, "शिवण तुमची असेल. आयुष्य माझंपण त्यातच गेलंय." आणि उठून आत गेली.

उद्घाटनाच्या दिवशी सत्कार होणाऱ्यांच्या घरच्यांसाठी साहेबांची खोली उघडी ठेवली होती, बायकांना जरा टेकायला म्हणून. सभागृहात ताई माझ्याशेजारी बसली होती. भाषणं लांबली तशी "पाठ भरून आलीय" म्हणून ती उठून गेली.

वेळ झाली. भावोजी माइकपाशी आले. "आज उंचवटा येणार नाही," ते म्हणाले. "कारण संचालकसाहेब इथे बसलेत." लोकांना वाटलं साहेबांची स्तुती चाललीय. टाळ्या पडल्या. भावोजी पुढचं वाक्य बोलणार, तोच पडद्यावरची रेघ उचलली गेली.

भावोजींचा चेहरा बघवेना. जन्मभराचा शोध खरा ठरला म्हणून इतका पडलेला चेहरा मी पाहिला नव्हता. मग रेघ धपकन खाली आली आणि पुन्हा वर गेली. एकाच्या जागी दोन टेकाडं! सभागृहात कुजबुज झाली. साहेबांनी भावोजींच्या हातातला माइक अलगद काढून घेतला आणि जाहीर केलं, की हा जोडउंचवटा जगात प्रथमच दिसतोय, आणि संस्थेच्या परंपरेप्रमाणे त्याला विद्यमान संचालकांचं नाव देण्यात येईल.

घरी परतताना रिक्षात ताईच म्हणाली, "मी बसले होते खुर्चीत." भावोजींनी मान वळवली. "तुमचं नाव तुम्ही पुसायला निघालात, मला विचारलंत? मी दार लावलं नि बटण दाबलं. ओरडा काय ओरडायचं ते."

भावोजी ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "मधे उठली होतीस?"

"शिपाई चहा घेऊन आला, दार वाजवलं. बंद करून उठले. तो गेल्यावर परत बसले."

"अगं, म्हणजे तूच!" त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. "बसलीस तेव्हा वर, उठलीस तेव्हा खाली, पुन्हा बसलीस की पुन्हा वर! आणि साहेब सगळ्यांसमोर मंचावर! यापेक्षा चोख पुरावा असतो का?" ज्या नावासाठी ताईने बटण दाबलं, ते नाव तिनेच खोडून दिलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला माझ्या त्या संध्याकाळच्या हसण्याची लाज वाटली.

शोध मागे घेणारा निबंध लिहून झाला. पण तो महिनाभर टेबलावर पडून राहिला. भावोजी म्हणाले, "यावेळी तुला विचारल्याशिवाय पाठवणार नाही." ताई रोज तो उचलायची, धूळ पुसायची आणि परत ठेवायची. एका दुपारी तिने चष्मा लावून तो पहिल्यापासून वाचला.

"पाठवा," ती म्हणाली. "पण माझं नाव आधी घाला. खुर्चीत मी बसले होते."