निर्जंतुक घरातले मासे

इमारतीत त्यांना सगळे फिनेलसाहेब म्हणत. तोंडावर नुसतं साहेब, आणि जिना उतरल्यावर पूर्ण नाव. हे नाव पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघालं ते ठाऊक नाही. पण त्यांच्या दारावरून जो एकदा गेला, त्याला ते समजावून सांगावं लागत नसे.

एका मोठ्या इस्पितळाच्या साफसफाई विभागाचे ते प्रमुख. जिना झाडणाऱ्यांपासून ऑपरेशन थिएटर धुणाऱ्यांपर्यंत सगळ्यांवर त्यांची नजर, आणि नजरेचा भरवसा नाही म्हणून वर बोट. टेबलाच्या खालच्या बाजूनं बोट फिरवायचं, उजेडात धरायचं आणि समोरच्याकडे बघायचं. समोरचा कितीही दांडगा असला तरी त्या बोटापुढे त्याची बोबडी वळे. "माझ्या थिएटरमध्ये काही म्हणजे काही जगत नाही," असं ते छाती फुगवून सांगत. हे वाक्य पेशंटच्या नातेवाइकांसमोर बोलू नये, अशी त्यांना एकदा वरून समज मिळाली होती.

जंतूंना त्यांनी जन्मभर पाण्यात पाहिलं, आणि ते वैर घरीही आणलं. दाराची बेल ते कोपरानं वाजवत. सोफ्यावर प्लॅस्टिकचं कव्हर होतं. उकाड्याच्या दिवसांत पाहुणा उठला की कव्हरही त्याच्याबरोबर उठे. वर्तमानपत्र ते वाचत, हात धुवत आणि बायकोच्या हाती लागायच्या आत ते रद्दीत टाकत. कुंड्या नकोत, मातीत काय काय असतं. मांजर नको, केस. पोपटाचं तर नावच काढायचं नाही. एकुलता एक मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला होता. तो आला की दुसऱ्याच दिवशी गावातल्या मित्राकडे राहायला जाई, कारण घरात त्याचा घसा खवखवे. साहेबांचं निदान तयार असे. "इतक्या स्वच्छ घरात घसा खवखवतोय, म्हणजे त्यानं बाहेरून काहीतरी आणलंय."

त्यांची बायको बालवर्गाची शिक्षिका. तिचं सगळं आयुष्य शेंबडी नाकं पुसण्यात आणि मातीनं बरबटलेले हात धरण्यात गेलं होतं. ती निवृत्त झाली आणि त्या चकचकीत घरात दिवसभर एकटी बसायला लागली. फरशीत स्वतःचंच तोंड बघून बघून माणूस किती बघणार? एक दिवस तिनं जेवता जेवता सांगितलं, "घरात एक तरी जिवंत वस्तू पाहिजे."

"मी आहे की," साहेब म्हणाले.

"म्हणूनच म्हणतेय."

मग तिनं मासे सुचवले. साहेबांनी पुष्कळ विचार केला, पण त्यांना खोट काढता येईना. मासा केस गाळत नाही, शिंकत नाही, पायानं घाण आणत नाही, आणि जन्मभर आंघोळच करत असतो. साहेबांना वाटलं, हा तर आपल्याच विचारांचा प्राणी.

दुकानदारानं काचेची टाकी दिली, पाणी गाळायचा फिल्टर दिला आणि वर सल्लाही दिला. "साहेब, पाणी भरून काही आठवडे नुसती चालू ठेवा. माशाच्या दाण्याची चिमूट टाकत चला. पाणी मुरलं पाहिजे. दगडांवर, फिल्टरच्या स्पंजात बारीक जंतू धरतात. माशांच्या घाणीतलं विष तेच पचवतात. ते नसले की मासा आपल्याच घाणीनं मरतो."

जंतूंचं नाव निघाल्यावर साहेबांनी पुढचं ऐकलंच नाही. "म्हणजे आधी मी जंतू पाळायचे?"

"तसंच समजा."

"मासे आजच द्या. स्वच्छतेचं माझं मी बघतो."

दुकानदारानं त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. हे गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येणार, हे त्याला स्पष्ट दिसलं. त्यानं पिशवीला गाठ मारली.

टाकी बैठकीच्या खोलीत खिडकीशेजारी बसली. साहेबांनी पाणी उकळून गार केलं. दगड उकळले, प्लॅस्टिकचं झाड उकळलं, स्पंज उकळला. मासे उकळता येत नव्हते, एवढीच त्यांची हळहळ होती. बायको मात्र खुर्ची ओढून टाकीसमोर बसली आणि तासाभरात तिनं सगळ्यांना नावं दिली. एक जाडजूड काळी मॉली सगळ्यांच्या अंगावरून जाऊन चौकशी करी, ती आत्याबाई. एक फक्त दाणे टाकले की दगडामागून बाहेर येई, तो जावईबापू. दोन गप्पी कायम कोपऱ्यात तोंडाला तोंड लावून असत, त्या जावा. कितीतरी वर्षांनी त्या घरात कुणीतरी कुणाशीतरी गप्पा मारत बसलं होतं, मग ते मासे का असेनात.

पहिले जावईबापू गेले. सकाळी पोट वर करून तरंगत होते. साहेबांनी चौकशी लावली. दाण्याच्या पाकिटावर संशय घेतला, दुकानावर घेतला, बायकोच्या हातावरही घेतला. मग टाकी रिकामी केली, काच घासली, दगड पुन्हा उकळले, स्पंज गरम पाण्यात पिळून पिळून पांढरा केला. मासे तोवर बादलीत. नव्याकोऱ्या पाण्यात सोडल्यावर ते दोन दिवस भांबावून हिंडले, आणि पाठोपाठ दोन्ही जावा गेल्या. साहेब हात धुऊन टाकीच्या मागे लागले. मासा मेला की टाकी धुवायची, आणि टाकी धुतली की मासा मरायचा. शेवटी उरलेल्या आत्याबाईंनी एका रविवारी चौकशी थांबवली. बायकोनं त्यांना चमच्यानं उचलून कागदात गुंडाळलं आणि टाकीसमोरची खुर्ची जागेवर ठेवली.

दुसऱ्या खेपेला दुकानदारानं साहेबांना बसायला स्टूल दिलं. तिसऱ्या खेपेला सरबतही मागवलं. इमारतीत आता जिन्यावर कुणी भेटलं की आवाज खाली करून विचारी, "आज कोण?" खालच्या मजल्यावरचे वकील तर एकदा तोंड पाडून भेटायलाच आले. त्यांनाही चपला काढून, पाय धुऊन मग आत यावं लागलं.

तिसऱ्या खेपेच्या माशांना बायकोनं नावं दिली नाहीत. ती खुर्चीही ओढत नसे. एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या करता करता ती म्हणाली, "हेही गेले, तर मी मुलाकडे राहायला जाते."

"किती दिवस?"

"ते विचारू नका."

साहेब हसायला गेले, पण त्यांना माळ्यावरची सुटकेस पलंगाखाली ठेवलेली दिसली. तिच्यावर धूळ होती. बायकोनं ती पुसली नव्हती, आणि साहेबांनी ती बघूनही फडकं हातात घेतलं नाही. ते घाबरले होते. आपली बायको आपल्याला सोडून जाईल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ती घरात असणं हे त्यांनी नळाला पाणी असण्यासारखं गृहीत धरलं होतं. आता घाबरलेल्या माणसानं करायचं काय? साहेबांना जे येत होतं तेच त्यांनी केलं. पहाटे उठून त्यांनी टाकी धुवायला काढली.

मासे आणि टाकीतलं थोडं पाणी त्यांनी बादलीत घेतलं. बादली बाथरूमकडे नेण्याआधी वाटेवरची फरशी पुसली, कारण पुसलेल्या फरशीवरूनच जायची त्यांची पद्धत होती. इस्पितळात ते ओल्या फरशीवर पिवळी पाटी ठेवल्याशिवाय कुणाला पाऊल टाकू देत नसत. घरात पाटी नव्हती. साहेबांचा पाय सटकला आणि ते धाडकन आपटले. पण पडता पडता त्यांनी बादली दोन्ही हातांनी वर धरली होती. मांडीचं हाड मोडलं, बादलीतलं पाणी हिंदकळलंसुद्धा नाही.

बायको धावत आली ती आधी बादलीकडे. मग त्यांच्याकडे.

साहेबांना त्यांच्याच इस्पितळात नेलं. ऑपरेशन त्यांच्याच थिएटरात झालं, जिथे काही जगत नाही. पण साहेब जगले. मग त्यांना खोलीत आणलं आणि खरी शिक्षा सुरू झाली. शेजारणीनं फुलं पाठवली होती, ती दारातूनच परत गेली. बायकोनं घरची शाल आणली, तीही परत. भेटायची वेळ इतकी थोडी की "कसं वाटतंय" आणि "बरं आहे" यातच ती संपे. हे सगळे नियम एका माणसानं मोठ्या अभिमानानं केले होते, आणि तो माणूस आता पलंगावर आडवा होता. वर दर दोन दिवसांनी त्यांचा पलंग चाकांवरून बाहेर ओढत आणि खोली धुवून होईपर्यंत त्यांना बाहेर व्हरांड्यात ठेवत. वारा अंगावर, दिवा डोळ्यांवर, येणारा-जाणारा वाकून बघणार.

"आज राहू दे ना," त्यांनी एकदा सफाईच्या मुकादमीणबाईंना विनवलं. कालपर्यंत ह्याच बाई त्यांच्या बोटाला चळचळा कापत होत्या.

"साहेब, तुमचाच नियम आहे," बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात खवचटपणा मुळीच नव्हता, आणि तेच साहेबांना जास्त लागलं.

व्हरांड्यात पडल्या पडल्या त्यांना बादली आठवली. आपल्यालाही असंच काढून ठेवलंय, आता परत सोडतील तेव्हा खोली नवी असेल, वास नवा असेल, आणि आपण भांबावून छताकडे बघत बसू. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. फिनेलच्या वासानं आज पहिल्यांदाच त्यांचा घसा खवखवायला लागला होता.

बायको भेटायला येई तेव्हा ते विचारत, "टाकी धुतलीस का?"

"माझी कंबर धरलीय. बादली उचलवत नाही. त्या दिवशी होतं ते पाणी माशांसकट मगानं परत ओतलं, तेवढंच."

म्हणजे इतके दिवस टाकी धुतलेलीच नाही. साहेब मनातल्या मनात एकेक मासा उलटा होताना बघत. जिवंत आहेत का, एवढं विचारायची त्यांची छाती होत नसे, आणि ती आपणहून काही सांगत नसे. मग एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. साहेब समजून गेले. मासे संपले, पलंगाखालची सुटकेस निघाली. रात्रपाळीची नर्स पाणी द्यायला आली तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे करून घेतलं.

घरी सोडायच्या दिवशी न्यायला मुलगा आला. साहेबांनी त्याला पहिला प्रश्न विचारला तो आईचा.

"घरी आहे," मुलगा म्हणाला. "तिची कंबर फारच धरली होती, म्हणून यायला जमलं नाही. मी आलोय ना, आठवडा झाला. पण भेटीचा पास एकट्या आईच्याच नावाचा, तुमचाच नियम."

"आठवडा? राहतोस कुठं?"

"घरीच."

साहेबांनी त्याचा घसा कसा आहे हे विचारलं नाही.

कुबड्या टेकत ते दारात आले तेव्हा आधी कळलं ते हे, की फिनेलचा वास नाही. सोफ्याचं प्लॅस्टिक गायब होतं. मुलाची उशी सोफ्यावर, मोजे त्याच्या खाली, वर्तमानपत्रांचा ढीग खुर्चीवर, आणि टेबलावर कपाच्या बुडाचं गोल वर्तुळ. आणि खिडकीशेजारी टाकी. तिच्या काचेवर हिरवट साय धरली होती, दगड तपकिरी झाले होते, स्पंजाकडे तर बघवत नव्हतं. त्या गढूळ पाण्यात मासे आपापल्या कामाला लागले होते. एक कमी होता, बाकीचे सगळे होते. झाडाच्या बुंध्याशी पापणीच्या केसाएवढं काहीतरी वळवळत होतं, आणि तसली आणखीही होती.

"पिल्लं आहेत," बायको म्हणाली. ती टाकीसमोर खुर्ची ओढून बसली होती. "मोजायला गेलं की लपतात. मोठीचं नाव परत आत्याबाईच ठेवलंय. तिचा स्वभावच तसा आहे."

साहेब कुबड्यांवर वाकून बघायला लागले. "काय केलंस तू?"

"काही नाही," ती म्हणाली. "तुम्ही नव्हता घरी."

ती हे टोचून बोलली नव्हती. विचारलं त्याचं तिनं उत्तर दिलं होतं. मुलगा उगाच उशी नीट करायला लागला.

साहेबांचं बोट सवयीनं उठलं. टाकीच्या झाकणावरून फिरलं आणि उजेडात गेलं. चांगलं काळं झालं होतं. बायको त्या बोटाकडे बघत होती, मुलगाही बघत होता. साहेबांनी ते बोट आपल्या शर्टाला पुसलं.

"मी कुठं बसू?" त्यांनी विचारलं.

बायकोनं शेजारच्या खुर्चीवरचा वर्तमानपत्रांचा ढीग उचलून जमिनीवर ठेवला.

"इथं बसा," ती म्हणाली. "फक्त हात मांडीवर ठेवा."